पाचातून आठ जात नाहीत

वजाबाकी शिकताना आपण सगळ्यांनीच एक वाक्य म्हटलेलं असतं : पाचातून आठ जात नाहीत. मग शेजारच्या घरातून एक दशक उसना घ्यायचा, पाचाचे पंधरा करायचे आणि पुढे जायचं. दोनेक वर्षांनी भागाकारात तेच क्रियापद पुन्हा भेटतं : तिनाने आठाला भाग जात नाही. मराठीने दोन्हीकडे ‘जाणे’ वापरलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. संख्या एका वाड्यात नांदतात, आणि काही क्रिया त्यांना दिंडीदरवाजापाशी आणून उभं करतात. पुढे वाट आहे की नाही, हे त्या वाड्यावर ठरतं.

गणितात या गोष्टीला संवृतता म्हणतात. समूहातल्या कोणत्याही दोन संख्या घेतल्या, त्यांच्यावर एखादी क्रिया केली आणि उत्तर दरवेळी त्याच समूहात सापडलं, तर तो समूह त्या क्रियेसाठी बंदिस्त. दोन विषम संख्यांचा गुणाकार विषमच येतो, पण त्यांची बेरीज लगेच सम होऊन बाहेर पडते. म्हणजे विषम संख्या गुणाकाराला बंदिस्त आहेत, बेरजेला नाहीत. पूर्णांक बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार या तिघांना बंदिस्त आहेत, भागाकाराला नाहीत. आणि बहुपदींचंही थेट तसंच : तीन क्रियांना दार बंद, चौथीला उघडं. शाळेत हे वाक्य ‘चूक की बरोबर’ एवढ्यावर संपतं. मला ते सावकाश वाचायचं आहे, आणि त्यासाठी हाताशी घ्यायचा आहे एक जुना ग्रंथ, ज्यात ‘संवृतता’ हा शब्द नाही, पण ज्याची सुरुवातीची मांडणी मला या एकाच प्रश्नाभोवती उभी दिसते.

तो ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांचं ‘बीजगणित’. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेल्या विज्जडविड गावचे भास्कराचार्य १११४ साली जन्मले आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याची साक्ष देणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. डोंगराच्या कुशीतल्या त्या मठात मुलं पाठ करत असतील, ती पहिली प्रकरणं अशी : धनर्णषड्विध, खषड्विध, वर्णषड्विध, करणीषड्विध.

षड्विध म्हणजे सहा क्रिया : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ. आधी धन-ऋण संख्या, मग शून्य, मग अव्यक्त राशी, मग करणी. प्रत्येक नव्या कुळातल्या राशीला या सहाही क्रियांपुढे उभं करायचं आणि बघायचं, काय होतं. समीकरणं पुष्कळ पुढे येतात. प्रश्न सोडवायच्या आधी, आपण ज्यांच्यात वावरणार आहोत त्या राशी कोणत्या क्रियेत टिकतात हे पडताळून घ्यायचं. एवढा विचारी आरंभ मला शाळेच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच दिसला.

पहिलं उदाहरण तीन आणि चार या संख्यांचं. दोन्ही धन, दोन्ही ऋण, मग एक धन आणि एक ऋण, मग उलट, बेरीज सांग. उत्तरं येतात सात, उणे सात, उणे एक आणि एक. वजाबाकीला तीन आणि दोन घेतले आहेत, गुणाकाराला दोन आणि तीन. ग्रहांच्या गतींचे लांबलचक आकडे लीलया हाताळणारा हा गणिती इथे मुद्दाम बोटांवर मोजता येतील अशा संख्या निवडतो. आकड्यांकडे बघूच नका, चिन्हांकडे बघा, हे तो न सांगता सांगतो. प्रत्येक वेळी चारही शक्यता मांडून कोणतीच सुटणार नाही याची काळजी घेतो. ‘कोणत्याही दोन संख्या घेतल्या तरी’ हा जो संवृततेचा कणा, तो इथे उदाहरणांच्या मांडणीतच आला आहे.

धन, ऋण आणि शून्य यांचे हे नियम भास्करांच्या आधी पाचशे वर्षं, ६२८ साली, भिल्लमालच्या ब्रह्मगुप्ताने आपल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’च्या अठराव्या अध्यायात घालून दिले होते. पाचातून आठ जाण्याची सोय तिथे झाली. उत्तर वाड्याबाहेर पडत होतं, तेव्हा वाडाच वाढवला. पण वाढवलेल्या जागेत राहणारी संख्या म्हणजे नेमकं काय, हे पटायला पुढेही वेळ लागला. वऱ्हाडातून काशीला गेलेल्या ज्योतिषी घराण्यातले कृष्ण दैवज्ञ यांनी १६०० च्या सुमारास ‘बीजगणिता’वर टीका लिहिली. त्यांनी ऋण तीन प्रकारे समजावलं : स्थळाने, काळाने आणि वस्तूने. पूर्वेकडचं अंतर धन मानलं तर पश्चिमेकडचं ऋण. पुढचा काळ धन तर मागचा ऋण. जवळची मालमत्ता धन तर देणं ऋण. मला या तिहेरी उलगड्यात टीकाकाराची आस्था दिसते. ‘ऋण’ या शब्दातच कर्ज होतं, तेवढ्यावर भागलं असतं. पण कर्जाने कर्जाला गुणलं की धन कसं येतं, हे शिष्य विचारणारच. दिशा पालटण्याच्या कल्पनेतून ते जास्त सहज पटतं.

याच प्रकरणाच्या शेवटी वर्गमूळ येतं. धन नऊचं मूळ सांग, ऋण नऊचंही सांग. पहिल्याची मुळं दोन : तीन आणि उणे तीन. दुसऱ्याला मूळ नाही, कारण ऋण नऊ हा कशाचा वर्गच नाही. हा नकार मला अतिशय सुंदर वाटतो. सहापैकी सहाव्या क्रियेशी येऊन ग्रंथकार थांबतो, कारण देतो आणि पुढे जातो. त्या दारापलीकडे सदसत् म्हणजे संमिश्र संख्यांचं घर आहे, हे कळायला आणखी काही शतकं जायची होती. पण दार नेमकं कुठे आहे, याची खूण ११५० मध्ये करून ठेवलेली आहे.

शून्याच्या प्रकरणावर मी फार रेंगाळत नाही. शून्याने भागलेल्या राशीला भास्कर ‘खहर’ म्हणतात, आणि तिच्यात काही मिळवलं किंवा काढलं तरी ती बदलत नाही हे सांगताना प्रलयात नि सृष्टीच्या आरंभी सगळे जीव सामावूनही अविकारी राहणाऱ्या अच्युताची उपमा देतात. उपमा भव्य आहे. आजचं गणित मात्र शून्याने भागाकार करण्याला नियमांत जागाच देत नाही, कारण ती दिली की बाकीचे नियम मोडतात.

खरा आनंद आहे वर्णषड्विधात. माहीत नसलेल्या राशीला भास्कर म्हणतात यावत्तावत्, म्हणजे जेवढं असेल तेवढं. एकापेक्षा जास्त असल्या तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावं. वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे अक्षरही, हे संस्कृतचं देणं इथे फार कामाला येतं : लिहिताना रंगाच्या नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं. यावत्तावत् झालं ‘या’, त्याचा वर्ग ‘याव’, ज्ञात संख्या म्हणजे रूप, तिच्यासाठी ‘रू’. ऋण दाखवायला डोक्यावर एक टिंब. आपण मात्र इथे टिंबाऐवजी आजचं वजाचिन्ह वापरू.

पहिलं उदाहरण : एक या आणि एक रूप, यांत दोन या आणि उणे आठ रूपं मिळव. उत्तर, तीन या उणे सात. नियम इतकाच की एका जातीचे एकत्र येतात, भिन्न जातीचे वेगवेगळे राहतात. तीन आंबे आणि दोन पेरू यांची बेरीज पाच कशाची, असं म्हणून शाळेत हा नियम शिकवतात, तेव्हा तो मनाईसारखा ऐकू येतो. मला तो परवानगीसारखा वाटतो. ३या – ७ ही वजाबाकी अजून झालेलीच नाही, होऊही शकत नाही, कारण ‘या’ किती ते ठाऊक नाही. तरी तेच उत्तर आहे. न झालेली क्रिया हीच एक वस्तू म्हणून हातात घेता येते, दुसऱ्या तशाच वस्तूत मिळवता येते, तिने गुणता येते. थांबून राहिलेल्या हिशेबालाही घरात जागा आहे. बहुपदी जन्माला येते ती या क्षणी.

मग गुणाकार. पाच या उणे एक, याला तीन या अधिक दोन यांनी गुण. ५या ला ३या ने गुणलं की १५याव. ५या ला २ ने, १०या. उणे १ ला ३या ने, उणे ३या. उणे १ ला २ ने, उणे २. मधले दोन एका जातीचे म्हणून एकत्र : १५याव + ७या – २. आता यात कोणते श्रम झाले ते मोजू. सहगुणकांचे गुणाकार झाले, सहगुणकांच्या बेरजा झाल्या, आणि घातांक एकमेकांत मिळवले गेले. चौथं काहीच नाही. सहगुणक पूर्णांक असतील तर त्यांच्या बेरजा-गुणाकार पूर्णांकच राहणार. घातांक ०, १, २ असे मोजण्याचे आकडे, त्यांची बेरीजही त्यांच्यातच राहणार. बहुपदींची संवृतता स्वतःच्या पायावर उभी नाही. ती पूर्णांकांच्या संवृततेच्या खांद्यावर बसली आहे. शेवटचं ‘उणे २’ लिहिता आलं ते धनर्णाचं प्रकरण आधी येऊन गेलं म्हणून. षड्विधांचा क्रम आखणाऱ्याने पाया आधी आणि मजला नंतर घातला आहे.

इथे एक गोष्ट जपून ठेवावी लागते. ‘दुसऱ्या कोटीच्या बहुपदी’ एवढाच समूह घेतला तर तो बेरजेला बंदिस्त नसतो : याव + ३या मध्ये १ – याव मिळवलं की वर्ग मावळतात आणि उरतं ३या + १. म्हणून घरात सगळ्या कोटी हव्यात, आणि नुसत्या संख्याही हव्यात, आणि शून्यही हवं.

बहुपदी आणि पूर्णांक एकसारखे का वागतात, याचं उत्तर आपल्या अंकलेखनात दडलेलं आहे. सत्तावीस म्हणजे दोन दहा आणि सात. ‘या’च्या जागी दहा घाला, २या + ७. पस्तीस म्हणजे ३या + ५. गुणाकार करा : ६याव + ३१या + ३५. दहा घाला, ६०० + ३१० + ३५, म्हणजे ९४५. आणि २७ गुणिले ३५ खरोखर ९४५ आहेत. कागदावरच्या नेहमीच्या गुणाकारात आणि यात फरक एकच : हातचा. संख्येच्या घरात नवापेक्षा मोठा अंक मावत नाही, म्हणून ३५ मधले ३ हातचे पलीकडच्या घरात द्यावे लागतात. बहुपदीत ‘या’ किती हे ठाऊकच नसल्यामुळे हातचा द्यायचा कुणाला? बहुपदी म्हणजे हातचा नसलेली संख्या. मला वाटतं, आठवीच्या मुलाला बहुपदीची भीती वाटत असेल तर तिची ही ओळख आधी करून द्यावी. हातच्याने ज्याला छळलं त्याला ती मोकळी वाटेल.

हे साम्य भास्करांच्याच शतकात बगदादमध्ये जन्मलेल्या अल-समावलला पुरेपूर कळलं होतं. एकोणीस वर्षांचा असताना लिहिलेल्या ‘अल-बाहिर’ या ग्रंथात त्याने बहुपदींचे सहगुणक, अंकांसारखे, कोष्टकाच्या घरांत मांडले आणि संख्यांच्या रीतीने त्यांचा भागाकार केला. २०याव + ३०या ला ६याव + १२ ने भागताना भाग निःशेष जात नाही. तो थांबला नाही, घातांक शून्याखाली उतरू दिले आणि भागाकारात एकामागून एक येणाऱ्या सहगुणकांचा नियमही शोधला. दशांश चिन्हाच्या उजवीकडे सरकत जावं तसं. तो दार ओलांडून गेला. भास्करांनी तसं केलं नाही, आणि त्यांचं न जाणं मला अधिक वाचावंसं वाटतं.

धनर्णषड्विधात भागाकाराचं उदाहरण काय दिलं आहे? आठ भागिले चार. चिन्हांच्या चारही शक्यता घेऊन दोन किंवा उणे दोन. आणि वर्णषड्विधात? मघाचाच गुणाकार घेतला, १५याव + ७या – २, आणि त्याला पुन्हा ३या + २ ने भागलं. येणार अर्थातच ५या – १. दोन्हीकडे भाग निःशेष जातो असंच उदाहरण. भास्करांना अपूर्णांक परके नव्हते. आठाला तिनाने भागणं त्यांच्यासाठी रोजचं होतं. तरी इथे त्यांनी भागाकाराला गुणाकाराची परतीची वाट म्हणूनच दाखवलं आहे : ज्या वाटेने आलात, त्याच वाटेने मागे जाता येतं. सगळ्याच वाटा परतीच्या आहेत, असं मात्र कुठे म्हटलेलं नाही. आणि ही चार षड्विधं संपली की लगेच पुढचं प्रकरण येतं कुट्टकाचं, जिथे सगळा खेळ बाकीचा आहे. अमुक संख्येला अमुक गुणून, त्यात अमुक मिळवून, अमुकाने भागलं तर निःशेष भाग जातो. तो गुणक पूर्णांकात शोधा. जिथे भाग जात नाही, तिथून कुट्टक सुरू होतो. ही रचना योगायोगाची असेल असं मला वाटत नाही.

कारण पूर्णांकांचं सगळं वैभव त्या उघड्या दारातून आलेलं आहे. अपूर्णांकांच्या जगात शून्य सोडून कुणीही कुणालाही भागतो, म्हणून तिथे बाकी नाही, विभाज्यता नाही, सात आणि आठ यांच्या स्वभावात फरक नाही. सात मूळ आणि आठ संयुक्त, हे म्हणता येतं ते भाग नेहमी जात नाही म्हणून. बहुपदींतही तेच : पूर्णांक सहगुणक घेतले तर याव – १ चे (या – १) आणि (या + १) असे अवयव पडतात, याव + १ चे पडत नाहीत. तो त्या घरातला सात आहे. तिथेही बाकी आहे, आणि ती बोलकी आहे. १५याव + ७या – २ ला या – १ ने भागून पाहा : भागाकार १५या + २२, बाकी २०. आता भागाकार विसरून ‘या’च्या जागी नुसता १ घाला : १५ + ७ – २, वीस. हाच शाळेतला शेष सिद्धांत. २या + १ ने भागायला गेलात तर मात्र पहिल्याच पायरीला साडेसात येतात आणि पूर्णांक सहगुणकांचं घर सुटतं. एका घराचं दार दुसऱ्याच्या दाराला असं जोडलेलं आहे.

या जोडणीतून किती मिळतं त्याचा एक नमुना देतो. पूर्णांक सहगुणकांची अशी एखादी बहुपदी सांगा, की जिच्यात १ घातला तर २ येतात आणि ३ घातले तर ५. तासभर शोधलंत तरी सापडणार नाही. कारण दोन उत्तरांमधला फरक हा दोन घातलेल्या संख्यांमधल्या फरकाने निःशेष भागला जायलाच हवा. वर्गांचा फरक, घनांचा फरक, सगळ्यांना त्याने भाग जातो, आणि पूर्णांकांनी गुणून बेरजा केल्या तरी जातच राहतो. इथे ३ ला २ ने भागायचं आहे, आणि तिथे भाग जात नाही. अमर्याद बहुपदींपैकी एकही चालणार नाही, हे बेरीज-गुणाकारात घर न सोडण्याच्या गुणावरून दोन ओळींत कळतं.

करणीषड्विधात पुन्हा तोच ‘वेगवेगळे राहतात’ नियम येतो. दोन आणि आठ यांच्या वर्गमुळांची बेरीज अठराचं वर्गमूळ होते, तीन आणि सत्तावीस यांच्या मुळांची अठ्ठेचाळीसचं. पण तीन आणि सातची मुळं एकत्र येत नाहीत, ती शेजारी-शेजारी तशीच लिहायची. रंगांच्या बाबतीत जे शिकलो ते करणींतही. एकदा रीत कळली की प्रत्येक नवं कूळ त्याच सहा दारांशी तपासता येतं.

आणि मग, कुट्टकानंतर, वर्गप्रकृतीच्या आणि चक्रवालाच्या भागात, ज्या मित्राला धनर्णाच्या प्रकरणात भास्करांनी ‘सखे’ म्हणून तीनचा वर्ग विचारला होता, त्यालाच पुन्हा ‘सखे’ म्हणून ते विचारतात : कोणत्या संख्येच्या वर्गाला एकसष्टने गुणून एक मिळवला, की पुन्हा वर्गच होतो?

अपूर्णांक चालणार असतील तर हे पाच मिनिटांचं काम आहे. एकसष्टमध्ये तीन मिळवले की चौसष्ट, म्हणजे आठाचा वर्ग. ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ नावाच्या, दोन उत्तरं जुळवून नवं काढण्याच्या रीतीने हेच उत्तर स्वतःशी जुळवलं की सोळाच्या वर्गाला एकसष्टने गुणून नऊ मिळवल्यावर १२५ चा वर्ग मिळतो. सगळ्याला नवाने भागलं, की झालं : संख्या सोळा-तृतीयांश, मूळ एकशे पंचवीस-तृतीयांश. कुणीही पडताळून पाहावं.

पण उत्तर पूर्णांकातच हवं आहे. म्हणजे तिनाने भागायला निघालो की सोळाशी अडायचं, कारण तिनाने सोळाला भाग जात नाही. मागे फिरायचं, दुसरी संख्या निवडायची, पुन्हा जुळवायचं, प्रत्येक फेरीत भाग निःशेष जाईल असाच गुणक कुट्टकाने शोधायचा. या फिरत्या रीतीचं नाव चक्रवाल. पाच शतकांनी, १६५७ मध्ये, फर्माने युरोपातल्या गणितींपुढे हाच एकसष्टचा प्रश्न टाकला. भास्करांच्या ग्रंथात त्याचं उत्तर दिलेलं आहे, आणि त्याहून लहान धन पूर्णांक चालत नाही : संख्या २२,६१,५३,९८० आणि तिच्या वर्गाला एकसष्टने गुणून एक मिळवल्यावर येणारं मूळ १,७६,६३,१९,०४९.